धाकट्याला बँड ऐकवताना

परवाच्या चैत्रात माझ्या धाकट्या भावाने पडवीत आंब्याच्या पेट्या भरता भरता मला विचारलं, "दादा, तुझ्या त्या इंग्लिश बँडचं मला ऐकायचं हाय. सुरवात कुठनं करू?"

हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून मी आयुष्यभर थांबलो होतो. बायकोने विचारला नाही, मुलांनी तर नाहीच. बोटीवर तीस वर्षं काढली, तिथेही इंजिनरूममधल्या आवाजात कोण कुणाला विचारतो? आणि विचारलं कुणी, तर ज्याचा डावा कान मी फोडला त्या भावाने. त्याचं वय एकोणसाठ, माझं बासष्ट. घर एक, पडवी एक, चुली दोन. पालीच्या बाजारापासून दोन मैलांवर आमची वाडी आहे आणि बोटीवरून कायमचा उतरल्यापासून मी इथेच असतो.

बँडचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं की लोक लगेच त्यांना ठाऊक असलेलं एकच गाणं गुणगुणायला लागतात आणि माझं डोकं फिरतं. चौघे होते, आमच्या जन्माच्या आसपास गाजले, पुढे एकमेकांचं तोंड बघेनासे झाले, एवढं पुरे. शिवाय डोकं फिरणं हा आमच्या घराण्याचा जुना आजार आहे, त्याला उगाच निमित्त देऊ नये.

आमचे वडील बोटीवर खलाशी. दहा महिने समुद्रात, दोन महिने घरी. त्या दहा महिन्यांत आम्ही जे काही करायचो ते आई लक्षात ठेवायची. स्वतः कधी हात लावला नाही तिने. "येऊ दे बापसाला," एवढंच म्हणायची. मग वडील यायचे. पहिल्या दिवशी चॉकलेट, साबण, वासाचं तेल. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ झाली की आई एकेक गोष्ट सांगायला बसायची, आणि वडील कमरेचा पट्टा काढायचे. श्रावणात केलेल्या चोरीचा मार माघात बसायचा. कशासाठी मारतात हे आम्हाला आठवतही नसायचं, पण वडिलांना ते आदल्या क्षणी घडल्यासारखा राग यायचा. पट्ट्याची पितळी बकल असलेली बाजू ते हातात धरत, एवढी त्यांची माया.

मार झाला की ते घामाघूम होऊन आरामखुर्चीत बसत आणि टेपरेकॉर्डर लावत. तो त्यांनी कुठल्याशा बंदरातून आणलेला आणि त्याच्याबरोबर त्या बँडची एक कॅसेट. पहिलं गाणं मी ऐकलं ते ओटीवर पालथा पडून, पाठीवर वळ उठलेले असताना. दोन मिनिटांचं गाणं. ढोलावर कुणीतरी सूड उगवत होता, गिटारी खरवडल्यासारख्या वाजत होत्या आणि वर दोघे-तिघे गळा फाडून ओरडत होते. शब्द एक कळला नाही. पण ते माझ्याच बाजूने ओरडतायत याची मला खात्री पटली. रडू थांबलं. मी सतरा वर्षांचा होतो आणि बापाचा हात धरायची ताकद अंगात आली होती, धैर्य आलं नव्हतं. त्या चौघांकडे ते होतं.

वडील परत गेल्यावर ती कॅसेट माझी झाली. कुणी दिली नाही, मीच घेतली. तिला धाकट्याने हात लावायचा नाही, हा माझा नियम. एकदा त्याने लावला तेव्हा मी त्याला जांभ्या चिऱ्याच्या गडग्यावर, म्हणजे कुंपणाच्या भिंतीवर, ढकललं होतं आणि त्याच्या कोपराचं सालटं निघालं होतं. तेही आईने वडिलांसाठी राखून ठेवलं.

शिमग्यात पालखी आमच्या घरी आली. वर्षातून एकदा देव स्वतः खळ्यात, घरापुढच्या अंगणात, येतो, ढोल-सनया वाजतात, आई ओटी भरते आणि गावकर, म्हणजे गावचा मानकरी, घरासाठी देवाला गाऱ्हाणं घालतो. वडील बोटीवर असल्यामुळे त्यांना हे कधी मिळायचं नाही. म्हणून धाकट्याच्या डोक्यात आलं की गाऱ्हाणं टेप करावं आणि कंपनीच्या पत्त्यावर पाठवावं. गल्फला आणि बोटीवर असलेल्यांना त्या वेळी सगळेच अशा बोलक्या कॅसेटी पाठवत. घरात कोरी कॅसेट नव्हती. दुकानातून आणलेल्या गाण्यांच्या कॅसेटवर दुसरं काही भरता येऊ नये म्हणून तिच्या पाठीची दोन भोकं उघडी ठेवलेली असतात. ती कागद कोंबून बुजवली की झालं. चौदा वर्षांच्या पोराने ते हुशारीने केलं. टेपरेकॉर्डर खिडकीत ठेवला, दोन बटणं एकदम दाबली.

मी पालखीला खांदा देऊन बाजूला झालो होतो. गावकर म्हणत होता, "ह्या घरचो धनी बोटीवर गेलेलो हाय, त्याचो सांभाळ कर, बा म्हाराजा." सगळे म्हणत होते, "व्हय म्हाराजा." आणि मला खिडकीत ती कॅसेट फिरताना दिसली. तिच्यावर मी स्वतः निळ्या पेनाने खूण केली होती. लाल बटण दाबलेलं होतं. माझं दोन मिनिटांचं गाणं, जे एकटं माझ्या बाजूचं होतं, त्याच्यावर गाव "व्हय म्हाराजा" म्हणत होता.

धाकटा खिडकीखालीच उभा होता, तोंडभर हसत. मी धावत गेलो आणि सगळ्या जोराने त्याच्या कानफटात दिली. उघड्या पंजाची. आवाज असा झाला की ढोलवाल्याचा हात थांबला. तो खाली बसला. मी त्याला उठवून दुसरी दिली, तिसरीला दोघातिघांनी मला मागून धरलं. मी त्यांनाही लाथा घातल्या. देव खळ्यात आणि हे असं. गावकराने मला दोन शिव्या दिल्या, देवाला नारळ फोडून माफी मागितली आणि पालखी आरती न घेता पुढच्या घरी गेली. आई खांबाला धरून उभी होती.

धाकट्याच्या कानातून रक्ताची बारीक धार आली. आईने आमच्याकडे जे करतात ते केलं. खोबरेल तेलात लसूण तळली आणि ते तेल कोमट करून कानात ओतलं. रोज, दोन वेळा, पंधरा दिवस. पंधरा दिवसांनी कान इतका वाहू लागला की वास यायचा. मग रत्नागिरीला डॉक्टरकडे नेलं. पडदा फाटलाय, म्हणाला, आणि फाटल्यावर तेल कुणी घातलं? काय लागलं याला? आई माझ्याकडे बघत होती. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतो. धाकटा म्हणाला, "ढोलाजवळ उभा होतो."

घरी येताना गाडीत आई एकदाच म्हणाली, "त्याल मी घातलाय." कान माझ्या हाताने गेला की तिच्या, हे तिने मरेपर्यंत स्वतःच्या बाजूने धरलं आणि मी तिला धरू दिलं.

कॅसेट मात्र ठरल्याप्रमाणे वडिलांकडे गेली, आईने ती न ऐकताच बांधून दिली होती. पौषात वडील आले. दुसऱ्या दिवशी आंघोळ झाल्यावर आईला काही सांगायची गरज पडली नाही. त्यांनी कॅसेट लावली. "सांभाळ कर, बा म्हाराजा." "व्हय म्हाराजा." मग सटाक्, ढोल बंद, आणि माझ्या शिव्या. बोटीवर आपल्या केबिनमध्ये त्यांनी ती किती वेळा ऐकली होती देव जाणे. त्यांनी धाकट्याला विचारलं, "कान ह्याने फोडलान?" तो म्हणाला, "नाय. ढोलानं." वडिलांनी पट्टा काढला आणि आधी त्याला खोटं बोलला म्हणून मारलं, मग मला. त्या दिवशी बकल त्यांनी हातात धरली नव्हती. माझ्या खांद्यावर तिची खूण आजही आहे.

पुढचं थोडक्यात. धाकट्यालाही बोटीवर जायचं होतं, माझ्यापेक्षा त्यालाच जास्त. मुंबईच्या तपासणीत डॉक्टरने त्याच्या मागे उभं राहून डाव्या बाजूने काहीतरी कुजबुजलं, हा ढिम्म उभा राहिला आणि परत आला. मी गेलो. तो चिऱ्याच्या खाणीवर लागला, मग बाग राखायला. मी जगभराच्या बंदरांत त्या चौघांच्या कॅसेटी शोधत हिंडलो. बोटीवर दोनदा मारामारी केली, एकदा एका खलाशाचे दोन दात पाडले, कारण त्याने माझा वॉकमन न विचारता उचलला होता. राग आला की हात आधी जायचा, मी मागून पोचायचो. वय झालं तसा राग थंड झाला असं मी समजत होतो.

तर, सुरुवात कुठून करू. पुतणीने मुंबईहून बापासाठी नवा फोन आणि कानात घालायच्या वायरी पाठवल्या होत्या. मी त्याला तिथल्या तिथे व्याख्यान दिलं. निवडक गाण्यांचे संग्रह ऐकायचे नाहीत, ते म्हणजे पाहुण्यांसमोर ठेवलेली ताटली. पहिल्या दोन वर्षांतली छोटी गाणी आधी. त्यांच्यात काही विचार नाही, चारही पोरं नुसती तुटून पडलेली आहेत. ती अंगात भिनली की मग मधला काळ, तिथे गाणी लांबतात, सतार वगैरे घुसते, ती मला विशेष आवडत नाही पण वगळायची नाही. शेवटची रेकॉर्ड सगळ्यात शेवटी. तिच्यात चौघे एकमेकांशी बोलत नव्हते आणि ते ऐकू येतं. उलट क्रमाने ऐकलं तर भांडण आधी आणि दोस्ती नंतर, असा घोटाळा होतो.

त्याने मान डोलावली. फोनमध्ये मी सगळं ओळीने लावून दिलं. तो उजव्या कानात वायरीच्या टोकाचं एक बोंडूक घालायचा, दुसरं छातीवर लोंबत असायचं, आणि हात पेंढा अंथरून आंबे लावत असायचे. चार दिवसांनी मी विचारलं, कसं वाटलं?

"वाजवतात झ्याक," तो म्हणाला. "पण गातात कवा?"

मी म्हटलं, अरे, पहिल्यापासून गातायत.

"लांब कुठंतरी कोण वराडल्यासारखा येता जरासा. गानारे नायच म्हना ना."

मला वाटलं, माझी खेचतोय. चिऱ्याच्या खाणीतल्या लोकांना अशी गंभीर चेहऱ्याने फिरकी घ्यायची सवय असते. मी दुसरी रेकॉर्ड लावून दिली. आठवड्याने तेच. "ढोलवालो पक्को हाय. गिटारवालो पन. पन गानी कुठं हायत?" मी पुन्हा समजावलं की तिघांच्या गळ्यांचा मेळ हेच तर त्यांचं वैशिष्ट्य, तिथेच तर सगळी गंमत. तो विचारात पडल्यासारखा पेटीत आंबा ठेवत म्हणाला, "तुला लहानपनापासून ह्येच आवडायचा? बिनशब्दांचा?"

आणि माझं डोकं गेलं. आंबे तोडणीचे दिवस, ऊन मी म्हणत होतं, आणि ह्या माणसाला त्या चौघांनी गायलेलं ऐकू येत नव्हतं. मी उठून त्याच्यासमोरची पेटी लाथेने उडवली. आंबे पडवीभर झाले. "समोर कोकलतायत तिघंतिघं," मी ओरडलो, "बहिरा हायस काय रे तू?"

आतल्या चुलीशी त्याची बायको काहीतरी वाटत होती, तो आवाज थांबला. धाकट्याने मान वर केली.

"व्हय," तो म्हणाला. "ह्या कानानं."

आणि खाली वाकून आंबे गोळा करायला लागला. मार लागलेले वेगळे, चांगले वेगळे.

मी दोन दिवस माझ्या बाजूला बसून राहिलो. माफी मागायला गेलो असं लिहायला बरं वाटेल, पण तसं नव्हतं. मला राग होता तो त्याच्या उत्तराचा. इतक्या वर्षांत त्याने ते कधी तोंडाने म्हटलं नव्हतं आणि म्हटलं ते माझ्याच प्रश्नाला. तिसऱ्या दिवशी दुपारी मी पडवीत गेलो ते त्याला खोटं पाडायला. तो ऐकत होताच. हट्टी आहे, सोडून देणाऱ्यातला नाही. मी त्याच्या डाव्या बाजूला बसलो, छातीवर लोंबणारं बोंडूक उचललं आणि माझ्या कानात घातलं.

तिघे गात होते. फक्त गात होते. खाली ढोल नाही, गिटार नाही, देवळात टाळ न घेता भजन म्हणावं तसे नुसते गळे. क्षणभर वाटलं दुसरंच काही लागलंय. मी म्हटलं, "तुझं दे जरा." त्याने उजव्या कानातलं काढून दिलं. त्यात ढोल होता, गिटारी होत्या, आणि माणूस एकही नव्हता.

मग मला सगळं एकदम कळलं. ती जुनी रेकॉर्डिंगं. त्या काळी दोन बाजूंना आवाज वाटायचे तर काहींनी सरळ वाद्यं एका बाजूला टाकली आणि गळे दुसऱ्या. ज्याला दोन कान आहेत त्याच्या डोक्यात ते एक होतं, त्याला पत्ताही लागत नाही. मला चाळीस वर्षांत लागला नव्हता. आणि माझ्या भावाचा एक कान मी ठेवला होता, तो वाद्यांच्या बाजूचा. दोन आठवडे तो मन लावून, मी सांगितलेल्या क्रमाने, अर्धं गाणं ऐकत होता आणि गाणारे कुठे आहेत असं मलाच विचारत होता.

मी त्याचा फोन घेतला. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी फोनमध्ये एक सोय असते, दोन्ही बाजूंचा आवाज एक करून दोन्हीकडे देणारी. ती शोधायला मला पाऊण तास लागला. तो आंबे लावत होता. सापडली. मी माझ्या कानात घालून तपासलं. ढोल, गिटारी आणि त्यांच्या मधोमध ते तिघे, एकाच बाजूला, सगळे.

"आता ऐक," मी म्हटलं. मी बोंडूक त्याच्या कानात घालायला हात पुढे केला.

त्याने मान खाली घातली आणि कोपर वर करून कान झाकला. हातातला आंबा पडला. एकोणसाठ वर्षांचा, डोक्याला टक्कल पडलेला माणूस, डोळे घट्ट मिटून, पाठीचा कणा वाकवून माझ्यासमोर बसला होता. खूप वेळ नाही. दोन-तीन श्वास. मग त्याने कोपर खाली घेतलं आणि ओशाळून हसला.

"मी वायर घालत होतो रे," मी म्हटलं.

"ठाव हाय."

"मग?"

"तुझो हात आलो की असा होऊन जाता. आपोआप होता." त्याने आंबा उचलून पुसला. "सनाला एकत्र जेवताना तू भाजीचा टोप पुढं केलास तरी होता. आत होता फक्त. दिसत नाय."

मी त्याला विचारलं, कान कसा आहे. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं. तो माझ्याकडे वळला, हा प्रश्न माझाच आहे ना याची खात्री करत असल्यासारखा.

"दुकता," तो म्हणाला. "पावसात वाहाता. कुशीवर झोपलो तर उशी भिजता." आणि मग, मी काही म्हणायच्या आधी, "तू काय बोलू नको आता. मला ऐकायचा हाय."

मी बोंडूक तळहातावर ठेवून त्याच्याकडे धरलं. तो घेईना.

"खाली ठेव," तो म्हणाला.

मी जमिनीवर ठेवलं, पेंढ्यावर. फोन त्याच्याजवळ सरकवला.

"आता तिकडं बस."

मी उठून पडवीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसलो. त्याने वायर उचलली, उजव्या कानापर्यंत नेली आणि तिथेच थांबला. माझ्याकडे बघितलं. मग हाताने खूण केली, अजून लांब.

मी पायऱ्या उतरून खळ्यात जाऊन उभा राहिलो. उन्हात. मग त्याने ते कानात घातलं.